अलिप्ततेचा बंदोबस्त

2024 च्या जुलैअखेरीस लहान बँकांना तंत्रसेवा पुरविणाऱ्या एका कंपनीच्या यंत्रणेत रॅन्समवेअर शिरले आणि देयकव्यवहार चालविणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने त्या कंपनीचा दुवा तडकाफडकी तोडला, तेव्हा सुमारे 300 सहकारी व ग्रामीण बँकांच्या खातेदारांची देवघेव खोळंबली. परंतु ती वार्ता वाचताना मला हल्ल्यापेक्षा उपायाचाच विस्मय अधिक वाटला. साऱ्या जगाने एकमेकांस जोडून घेण्याचा ध्यास धरलेला असताना संरक्षणाचा पहिला हुकूम 'तोडा' असा सुटावा, ही विसंगती मनातून जाईना. म्हणून पश्चिम महाराष्ट्रातील एका सहकारी बँकेच्या संगणककक्षात हे काम प्रत्यक्ष पाहावयास गेलो.

सायंकाळी रोखपालांच्या खिडक्या मिटल्या की या कक्षातील खरे काम सुरू होते. आत बोचरा गारठा, पंख्यांची अखंड घरघर आणि बॅटऱ्यांचा मंद आंबूस दर्प. त्यात शाल पांघरून बसलेल्या, कनिष्ठ मंडळी ज्यांना 'ताई' म्हणतात त्या बाई कागदी खतावण्यांच्या काळी कारकून म्हणून लागल्या आणि खतावण्या यंत्रात गेल्या तेव्हा त्यांच्यामागोमाग इथे आल्या. कोणत्या यंत्रास पॅच लागलेला नाही, रात्री कोणी चुकीचे पासवर्ड चाचपून पाहिले, निवृत्त झालेल्याचे खाते अजून चालू कसे, याची खातरजमा त्या रोज करतात. एखाद्या शाखेने "पुढच्या आठवड्यात लावतो" अशी सबब सांगितली की त्यांचे उत्तर ठरलेले: "59 दिवस होते हो त्यांच्याजवळ!" 12 मे 2017 रोजी वॉनाक्राय या रॅन्समवेअरने ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांसह जगभरची यंत्रे जखडली, पण ज्या फटीतून ते पसरले ती बुजविणारा पॅच मायक्रोसॉफ्टने 14 मार्चलाच दिलेला होता. मधले ते 59 दिवस ताईंच्या जिभेवर कायमचे बसले आहेत.

तथापि माझी नजर पुनःपुन्हा वळत होती ती त्यांच्या एका लहानशा कृतीकडे. दिवसभराच्या व्यवहारांची प्रत उतरलेली, तळहाताएवढी टेपची डबी यंत्रातून बाहेर येताच ताई तिच्या कडेची बारीक पट्टी नखाने सरकवतात, आणि त्यानंतर त्या टेपवर काही लिहिणे यंत्राला शक्य उरत नाही. मग नोंदवहीत सही, लोखंडी पेटी, आणि शिपायाहाती ती पेटी दुसऱ्या इमारतीतील तिजोरीत. खंडणीखोर आत शिरल्याबरोबर गाजावाजा करीत नाहीत. कित्येकदा दिवसच्या दिवस दबून राहून ते आधी राखीव प्रती हुडकून नष्ट करतात आणि मगच दप्तरास कुलूप घालतात. तिजोरीतल्या टेपपर्यंत मात्र कोणतीही तार पोहोचत नाही. "बियाणं कुणी खायच्या धान्यात मिसळतं का?" ताई म्हणाल्या.

नुसत्या पॅचवर विसंबून का चालत नाही, हे जून 2017 मध्ये आपल्या न्हावा शेवा बंदरानेही अनुभवले. युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून सुटलेल्या नॉटपेट्या या घातक सॉफ्टवेअरने मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीस ग्रासले आणि तिच्याच उद्योगसमूहाकडे असलेल्या इथल्या टर्मिनलचे कामकाज ठप्प झाले. कारण हे घातक सॉफ्टवेअर एका यंत्रातून पासवर्ड चोरून पॅच लावलेल्या दुसऱ्या यंत्रातही शिरत होते. कंपनीच्या जाळ्यात कोणाला कोठे प्रवेश, याची सनद सांभाळणारे जगभरचे सर्व्हर पुसले गेले. वाचला तो घानामधला एकच, तोही वीज गेल्यामुळे त्या वेळी जाळ्याबाहेर पडलेला होता म्हणून! त्याच्या आधाराने पुढे 10 दिवसांत 4,000 सर्व्हर आणि 45,000 संगणक नव्याने उभे करण्यात आले. घानामध्ये जो योगायोग वीजकपातीने घडविला, तो रोज सायंकाळी जाणीवपूर्वक, सहीशिक्क्यानिशी घडवून आणणे, हेच ताईंचे काम.

महिन्यातून एकदा टेप परत मागवून जाळ्याबाहेरच्या यंत्रावर उतरवली जाते आणि जुन्या शिल्लकेशी ताळा पैशापैशाने जुळतो की नाही ते पाहिले जाते. जी प्रत कधी उतरवून पाहिली नाही तिला ताई प्रतच मानीत नाहीत. धोक्याचे रंगीत आलेख दाखविणाऱ्या महागड्या पडद्यांना संचालक मंडळ उत्साहाने मंजुरी देते. टेपच्या दुसऱ्या यंत्राची मागणी मात्र तहकूब राहते, कारण त्यात पाहुण्यांना दाखविण्याजोगे काही नसते. "खंडणी भरून मोकळे होता येत नाही का?" मी विचारले. "नॉटपेट्यालाही लोकांनी पैसे भरले होते," ताई म्हणाल्या, "पण किल्ली द्यायची सोयच त्यात नव्हती." तेव्हा त्या तहकूब अर्जाविषयी माझे मत विचाराल, तर तो एका सभेत मंजूर व्हावा, 59 दिवसांची मुदत दर वेळी मिळेलच असे नाही.