वारुळाचे दोन सोबती

नागपंचमीला आपल्या कोडोलीच्या आयाबहिणी वारूळ पुजायला जातात. वारूळ नागाचे, असे आपण म्हणतो. पण ते बांधते वाळवी. 'आयत्या बिळावर नागोबा' ही म्हण आहेच की!

या वारुळाशी आणखी दोघांची गाठ आहे. एक खवल्या मांजर, दुसरी अळंबी. दोघांनाही आपण रूपावरून भलतेच समजतो.

खवल्या मांजराच्या अंगभर खवले असतात. म्हणून कुणी त्याला घोरपडीचा भाऊबंद समजतात. नावात मांजर आहे, पण ते मांजरही नव्हे. त्याची मादी पिलाला दूध पाजते. म्हणून ते सस्तन प्राणी, म्हणजे गाय, कुत्रा आणि माणूस यांच्या वर्गातले. त्याच्या तोंडात एकही दात नसतो. लांब, चिकट जीभ वारुळात घालून ते वाळवी खाते.

आता अळंबी पाहा. ती जमिनीतून उगवते, म्हणून तिला आपण झाडपाला समजतो. आम्ही शाळेत शिकलो, तेव्हाही तिला वनस्पतींतच धरीत. पण तिच्यात हिरवा रंग नाही. उन्हावर स्वतःचे अन्न तिला करता येत नाही. १९६९ साली व्हिटेकर या अमेरिकन शास्त्रज्ञाने बुरशी-अळंबीचे वेगळे राज्यच मानले. नात्याने ती झाडांपेक्षा प्राण्यांना जवळची, असे आज शास्त्र सांगते!

वारुळावर येणाऱ्या अळंबीची शेती वाळवीच करते. पाला-लाकूड खाऊन ती आपल्या विष्ठेचा जाळीदार गड्डा रचते. त्यावर बुरशीचे पांढरे धागे वाढतात. वाळवी ते खाते. पावसाळ्यात छत्री वर येते, ते त्या बुरशीचे फळ. मूळ जीव आत वारुळातच असतो.

खवल्या मांजराला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे पूर्ण संरक्षण आहे. त्याला मारले किंवा विकले, तर तीन ते सात वर्षे कैद होते. तरी खवल्यांत औषध आहे, असे समजून लोक त्याचा जीव घेतात. अहो, आपली नखे ज्या द्रव्याची, त्याचेच ते खवले! नखे उगाळून कुणाचा आजार बरा झाला आहे का? मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होते. मेलेल्याची जागा लवकर भरून येत नाही.

अळंबीला मात्र या कायद्यात जागा नाही. तिची राखण आपल्याच हाती. ओळख नसलेली छत्री खाऊ नका, ती विषारी असू शकते. ओळखीची अळंबी वरच्यावर खुडा, पण खालचे वारूळ खणू नका.

म्हणून मंडळी, बांध सपाट करताना पिकाच्या आड न येणारे वारूळ तेवढे राहू द्या. खवल्या मांजर दिसले, तर त्याला हात न लावता वनखात्याला कळवा. वारूळ राहिले, तर एकाचे ताट राहील आणि दुसरीचे घर राहील.