छपरातली खिडकी: कापण्याआधी मोबाइलवर बघा

आजच्या भागाचं हे लिखित रूप. ऐकताना आकडे निसटतात, म्हणून सावकाश वाचा.

जव्हार-मोखाड्याकडचं जुनं घर आठवा. कारवीच्या कुडाच्या भिंती, त्यावर शेणामातीचा लेप, खिडकी लहान किंवा नाहीच. पाऊस धो-धो, म्हणून छप्पर चांगलं उतरतं. पण भर दुपारी आत अंधार, त्यात चुलीचा धूर. कौलारू घरात यावर जुना उपाय म्हणजे एखादं काचेचं कौल. त्याला काही कापावं लागत नाही. मोठी खिडकी हवी असेल, तर मात्र छपराला भोक पाडावं लागतं. आणि ते चुकलं, की जूनपासून चार महिने घरात बादल्या मांडायच्या! म्हणून आधी कॉम्प्युटरवर कापून बघायचं. तीन गोष्टी सांगतो.

पहिली, माप उतारावर घ्या. वरून काढलेल्या नकाशात उतार आखडलेला दिसतो. समजा छपराचा उतार ३० अंश आहे. नकाशात उताराच्या दिशेने ६० सेंटिमीटर दिसणारं भोक प्रत्यक्ष छपरावर साधारण ६९ सेंटिमीटर भरतं. नकाशावरून सुताराला ६० ची चौकट सांगितलीत, तर नऊ सेंटिमीटरची फट राहणार. पाणी तिथूनच येणार.

दुसरी, कापाची दिशा. रेव्हिटमध्ये छपराला भोक पाडायच्या पर्यायांपैकी दोन इथे कामाचे आहेत. 'बाय फेस' उताराला काटकोनात कापतो, 'व्हर्टिकल' सरळ उभं कापतो. उतारावर टेकणाऱ्या खिडकीला पहिला, उभ्या धुराड्याला दुसरा. रेव्हिट महाग पडतं? फ्रीकॅड फुकट आहे. त्यात छपराच्या उतरत्या पाखेवरच चौकोन काढा, त्याची खिडकी करा आणि छप्पर हे तिचं 'होस्ट' म्हणून द्या. भोक आपोआप पडतं. स्केचअप वापरत असाल, तर एक गंमत लक्षात ठेवा. तिथला 'कट ओपनिंग' एकच पृष्ठभाग कापतो. छपराला जाडी दिली असेल, तर वरून खिडकी दिसते आणि आतून बघावं तर अंधारच! खालची बाजू वेगळी कापावी लागते.

तिसरी गोष्ट सॉफ्टवेअर स्वतःहून सांगत नाही. ते छप्पर म्हणजे एक जाड फळी समजतं. खऱ्या छपरात वासे असतात, रिपा असतात, म्हणून तेही मॉडेलमध्ये काढा. खिडकी दोन वाशांच्या मध्ये बसवा, वासा तोडू नका. मग पाण्याचा विचार करा. पाणी आढ्याकडून वळचणीकडे धावतं, म्हणजे खिडकीच्या वरच्या कडेवर येऊन आदळतं. तिथे पत्रा लावायचा, तो वरच्या कौलांच्या खाली सरकवायचा. खालच्या कडेला उलटं, तिथला पत्रा कौलांच्या वर यायला हवा. हा क्रम मॉडेलमध्ये दिसला, तर गवंडी किंवा सुतार गोंधळत नाही.

आता ऊन. जव्हार साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे २० मेच्या आसपास दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. मॉडेलला गावाचं ठिकाण द्या, सावल्या सुरू करा आणि ती तारीख टाकून बघा. ऊन थेट अंथरुणावर किंवा चुलीपाशी पडत असेल, तर खिडकी लहान करा किंवा सरकवा. उत्तरेची पाख वर्षभराचा विचार करता थोडी सौम्य पडते.

मॉडेल लॅपटॉपवर करा, पण दाखवा मोबाइलवर. आतून आणि वरून असे दोन-तीन स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. घरात रोज चुलीपाशी बसणाऱ्या माणसाला पहिल्यांदा विचारा, उजेड कुठे हवा. छप्पर त्यानंतर कापा.

पुढच्या भागात भेटूच!