संगणकाची हार्ड डिस्क बदलताना

भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. या दोन तारखांच्या दरम्यान, १९५६ साली, अमेरिकेतील आयबीएम कंपनीने 'रॅमॅक' नावाची संगणकप्रणाली सादर केली. तिच्यासोबतच्या कपाटाएवढ्या यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक फिरत असत आणि त्या सर्वांवर मिळून सुमारे ५० लाख अक्षरे साठविता येत. हीच जगातील पहिली हार्ड डिस्क होय. तिच्या तबकड्यांवर लोहाच्या ऑक्साइडचा पातळ लेप होता. भिलाईच्या भट्ट्यांसाठी दल्ली-राजहऱ्याच्या खाणींतून येणारे हेमॅटाइट हे खनिजही लोहाचे ऑक्साइडच आहे; भेद आहे तो त्यांच्या स्फटिकरचनेचा आणि चुंबकीय गुणधर्मांचा. एका रूपातील लोहाने देशाला रूळ दिले, तर दुसऱ्याने माणसाचे लिखाण सांभाळण्याचे काम पत्करले.

आज तळहाताएवढ्या डिस्कवर रॅमॅकच्या लाखो पट मजकूर मावतो. भिलाईच्या सेक्टरमधील निवृत्त कर्मचाऱ्याच्या घरी, सुपेल्यातील दुकानात किंवा दुर्गच्या एखाद्या करसल्लागाराच्या कार्यालयात पाहिले, तर त्या लहानशा पेटीत मुलांच्या विवाहाची छायाचित्रे, निवृत्तिवेतनाची कागदपत्रे, टॅलीतील हिशेब आणि बँकेची खातेविवरणे एकत्र नांदत असतात. हिशेबशास्त्राच्या नियमाप्रमाणे संगणकाच्या किमतीवर दरवर्षी घसारा आकारला जातो आणि काही वर्षांत ती नाममात्र उरते. त्यातील माहितीचे मोल मात्र वर्षागणिक वाढतच जाते. म्हणूनच हार्ड डिस्क बदलण्याचे काम हाती घेताना पेचकस उचलण्यापूर्वी काय करावे आणि जुनी डिस्क निघाल्यावर तिचे काय करावे, हे दोन प्रश्न मुख्य ठरतात. मधले काम बहुधा अर्ध्या तासाचे असते.

डिस्क का बिघडते?

चुंबकीय हार्ड डिस्कमध्ये ॲल्युमिनियमच्या किंवा काचेच्या गुळगुळीत तबकड्या असतात. घरगुती संगणकात त्या बहुधा मिनिटाला ७,२०० वेळा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा फिरतात; लॅपटॉपमध्ये हा वेग अनेकदा ५,४०० असतो. मजकूर वाचणारे व लिहिणारे सूक्ष्म शीर्ष तबकडीला स्पर्श न करता तिच्यापासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगते. माणसाचा केस त्या अंतराच्या हजारो पट जाड असतो. साहजिकच चालू संगणकाला बसलेला धक्का, अचानक गेलेली वीज, विद्युतदाबातील चढउतार आणि अतिरिक्त उष्णता हे डिस्कचे शत्रू ठरतात. छत्तीसगडच्या मे महिन्यात पंखा धुळीने भरलेला असेल, तर कॅबिनेटमधील हवा चांगलीच तापते. वर्षातून दोनदा केलेली साफसफाई आणि चांगल्या स्थितीतील यूपीएस या दोन उपायांनी डिस्कचे आयुष्य निश्चितच वाढते.

बिघाडाची पूर्वसूचना बऱ्याचदा मिळते. संगणक सुरू होण्यास विलक्षण वेळ लागणे, एखादी फाइल उघडताना यंत्र गोठणे, फाइली नाहीशा होणे, 'टक्-टक्' असा नियमित आवाज येणे ही त्याची लक्षणे होत. प्रत्येक डिस्कमध्ये 'स्मार्ट' नावाची स्वयंपरीक्षणाची व्यवस्था असते आणि तिचा अहवाल दाखविणारी विनामूल्य सॉफ्टवेअर उपलब्ध आहेत. तथापि सर्वच डिस्क सूचना देऊन निवृत्त होत नाहीत. टक्-टक् आवाज सुरू झालेली डिस्क पुन्हा पुन्हा चालू करून पाहणे हानिकारक असते, कारण प्रत्येक प्रयत्नात शीर्ष तबकडीवर ओरखडे पाडू शकते. तिचे झाकण घरी उघडू नये, ती शीतकपाटातही ठेवू नये. त्यातील मजकूर अमूल्य असेल तर संगणक बंद करून धूलिविरहित कक्षाची सोय असलेल्या तज्ज्ञ संस्थेकडेच डिस्क सोपवावी.

आधी प्रत, मग पेचकस

अनेकांची अशी समजूत असते की, 'सी' ड्राइव्हवरील मजकूर 'डी' ड्राइव्हवर उतरवून ठेवला म्हणजे प्रत तयार झाली. बहुतेक घरगुती संगणकांत सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. कपाटच जळाले, तर दोन्ही कप्प्यांतील ऐवज एकदमच जातो. प्रत नेहमी वेगळ्या साधनावर असली पाहिजे. या संदर्भात 'तीन-दोन-एक' हा नियम लक्षात ठेवण्यास सोपा आहे: महत्त्वाच्या मजकुराच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक घराबाहेर असावी. भिलाईच्या कुटुंबाने एक बाह्य डिस्क नागपूरच्या नातेवाइकाकडे ठेवली किंवा इंटरनेटवरील साठवणसेवेचा उपयोग केला, तरी ही शेवटची अट पूर्ण होते.

प्रत काढताना डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स या कप्प्यांपलीकडेही पाहावे. टॅलीचा डेटा बऱ्याचदा स्वतंत्र फोल्डरमध्ये असतो. त्याची प्रत टॅलीमधील बॅकअप सुविधेने घ्यावी आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडते का, हेही तपासावे. न तपासलेली प्रत म्हणजे न वटविलेला धनादेश. जुने मराठी व हिंदी दस्तऐवज श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेले असतील, तर ते फॉन्टही जतन करावेत; अन्यथा नव्या संगणकावर त्या मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हे उमटतात. सॉफ्टवेअरचे परवाना-क्रमांक कागदावर लिहून ठेवावेत.

नव्या लॅपटॉपच्या बाबतीत आणखी एक दक्षता घ्यावी लागते. विंडोज असलेल्या अनेक लॅपटॉपमध्ये डिस्क सांकेतिक स्वरूपात बंद करणारी 'बिटलॉकर' किंवा तत्सम सुविधा आपोआप सुरू झालेली असते. ती असल्यास डिस्क दुसऱ्या यंत्रास जोडल्यावर ४८ अंकी 'रिकव्हरी की' मागितली जाते. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात नोंदलेली आहे का, हे काम सुरू करण्यापूर्वीच पाहावे.

कोणती डिस्क घ्यावी?

जुन्या संगणकाचा वेग वाढवावयाचा असेल, तर आज एसएसडी हा सर्वांत प्रभावी उपाय आहे. तिच्यात फिरणारा एकही भाग नसतो. मजकूर विद्युतभाराच्या रूपाने चिपमध्ये साठविला जात असल्याने ती धक्क्याला दाद देत नाही आणि कितीतरी वेगाने काम करते. मोठ्या प्रमाणावर छायाचित्रे व चलचित्रे साठविण्यासाठी चुंबकीय डिस्क मात्र अद्यापही स्वस्त पडते. म्हणून विंडोज एसएसडीवर आणि संग्रह चुंबकीय डिस्कवर, अशी विभागणी अनेक ठिकाणी केली जाते.

खरेदीपूर्वी मदरबोर्डवरील जोडणीचा प्रकार पाहून घ्यावा. २००३ च्या सुमारास आलेली 'साटा' जोडणी बहुतेक संगणकांत असते. त्यापूर्वीच्या यंत्रांत रुंद पट्टीची 'आयडीई' केबल आढळते. एम.२ आकाराच्या, च्युइंगगमच्या वडीसारख्या दिसणाऱ्या एसएसडीत साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार असून ते प्रत्येक मदरबोर्डवर चालतीलच असे नाही. देयकावर डिस्कचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. हमीच्या काळात बदलून दिलेली डिस्क कंपनीकडेच राहते, म्हणजेच तिच्यावरील मजकूरही तिच्याबरोबर जातो, हेही ध्यानात असू द्यावे.

आणखी एक विचार आवश्यक आहे. विंडोज १० चे सर्वसाधारण समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. आपला संगणक विंडोज ११ च्या अटी पूर्ण करतो का, हे पाहिल्याविना नव्या डिस्कवर खर्च करू नये. तो त्या पूर्ण करीत नसेल, तर लिनक्सचा पर्याय खुला आहे. सुरक्षा-सुधारणा न मिळणाऱ्या प्रणालीवरून बँकेचे व्यवहार करणे मात्र टाळावे.

प्रत्यक्ष बदल

संगणक रीतसर बंद करून विजेची पिन काढावी आणि चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे आतील उरलासुरला विद्युतभार निघून जातो. कोरड्या हवेत शरीरावर साचलेली स्थितिक वीज चिपला अपाय करू शकते. म्हणून आत हात घालण्यापूर्वी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला स्पर्श करावा. जोडण्या सोडविण्याआधी मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवल्यास नंतर घोटाळा होत नाही.

जुन्या डिस्कला दोन केबल असतात: रुंद केबल वीज पुरविते, अरुंद केबल मजकूर वाहून नेते. साटा केबलचे तोंड इंग्रजी 'एल' अक्षराच्या आकाराचे असल्याने ती उलटी बसत नाही. जोर मात्र लावू नये. डिस्कच्या कडेचे स्क्रू काढून ती सरळ बाहेर ओढावी, नवी त्याच जागी सरकवावी आणि त्याच आकाराचे स्क्रू लावावेत. लहान एसएसडी मोठ्या कप्प्यात बसविण्यासाठी स्वतंत्र चौकट मिळते.

संगणक सुरू केल्यावर प्रथम बायोसमध्ये नवी डिस्क दिसते का, ते पाहावे. त्यानंतर दोन मार्ग असतात. जुनी डिस्क धडधाकट असेल, तर क्लोनिंग सॉफ्टवेअरने तिची हुबेहूब नक्कल नव्या डिस्कवर उतरविता येते. तसे नसल्यास पेन ड्राइव्हवरून विंडोज नव्याने स्थापित करून जतन केलेला मजकूर परत आणावा. साठवणीसाठी जोडलेली जादा डिस्क 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये जाऊन सिद्ध करावी लागते. ती २ टेराबाइटहून मोठी असल्यास 'जीपीटी' हा पर्याय निवडावा, कारण जुन्या 'एमबीआर' पद्धतीत त्यापुढील जागा वापरता येत नाही.

५०० गिगाबाइटची डिस्क घेतली आणि पडद्यावर मात्र ४६५ दिसले, म्हणून विक्रेत्याशी वाद घालण्याचे कारण नाही. उत्पादक एक गिगाबाइट म्हणजे १०० कोटी बाइट धरतात, तर विंडोज १,०२४ च्या पटीत मोजते. माप बदलले, माल तेवढाच आहे.

जुन्या डिस्कचे काय?

येथेच सर्वाधिक निष्काळजीपणा घडतो. फाइल 'डिलीट' केली, तरी मजकूर तबकडीवर तसाच राहतो. केवळ अनुक्रमणिकेतील तिची नोंद पुसली जाते. अमेरिकेतील एमआयटी संस्थेचे सिम्सन गारफिंकेल आणि अभी शेलाट यांनी बाजारातून वापरलेल्या १५८ डिस्क विकत घेऊन त्यांची पाहणी केली आणि २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. वाचता आलेल्या १२९ डिस्कपैकी केवळ १२ योग्य रीतीने पुसलेल्या होत्या. इतरांपैकी एक डिस्क इलिनॉय राज्यातील एटीएम यंत्रात वापरलेली असावी असे दिसले, आणि तिच्यावर खातेक्रमांकांसह व्यवहारांची नोंद जशीच्या तशी होती. पैसा तिजोरीत सुरक्षित होता, पण त्याचा मागोवा भंगारात विकला गेला होता.

घरगुती डिस्कवरही खातेविवरणे, पॅन व आधारच्या प्रती आणि ब्राउझरने लक्षात ठेवलेले पासवर्ड असतात. ती विकण्यापूर्वी, देण्यापूर्वी किंवा टाकण्यापूर्वी पुसणे अत्यावश्यक आहे. चुंबकीय डिस्कसाठी विंडोजमधील 'क्विक फॉरमॅट'ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करावे. विंडोज व्हिस्टापासून पुढच्या आवृत्त्यांत पूर्ण फॉरमॅट करताना सर्व जागेवर शून्ये लिहिली जातात. त्यास काही तास लागतात, पण आधुनिक डिस्कसाठी असे एकदा पुनर्लेखन सामान्यतः पुरेसे असते. एसएसडीची अंतर्गत रचना भिन्न असल्याने तिच्यासाठी उत्पादकाने दिलेले 'सिक्युअर इरेज' साधन वापरावे. तिच्यावर चुंबकाचा परिणाम होत नाही. आणि शीतकपाटाच्या दारावरील चुंबकाने तर चुंबकीय डिस्कही पुसली जात नाही. बंद पडलेल्या डिस्कला तबकड्यांतून आरपार छिद्रे पाडणे हा मार्ग उरतो. लॅपटॉपच्या डिस्कमधील तबकड्या अनेकदा काचेच्या असतात आणि त्यांचे तुकडे उडतात, म्हणून डोळ्यांवर संरक्षक चष्मा अवश्य लावावा. एसएसडीच्या बाबतीत प्रत्येक चिप फुटल्याची खात्री करावी.

उरलेला सांगाडा भंगारवाल्यास न देता अधिकृत ई-कचरा पुनर्चक्रण केंद्राकडे द्यावा. ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून देशभर लागू आहेत. डिस्क दुरुस्तीस दिल्यानंतर किंवा हरवल्यानंतर खात्यात संशयास्पद व्यवहार आढळल्यास क्षणाचाही विलंब न लावता आपल्या शाखेस कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवावी. दुरुस्तीसाठी संगणक बाहेर द्यावाच लागला, तर देण्यापूर्वी दुसऱ्या सुरक्षित साधनावरून नेटबँकिंगचा पासवर्ड बदलून घेणे श्रेयस्कर ठरते.

हा लेख वाचून संपल्यावर ग्राहकांनी घरातील संगणक उघडून एवढेच पाहावे: त्यातील सर्वांत महत्त्वाच्या दहा फाइलींची दुसरी प्रत आज कोठे आहे? या प्रश्नाचे उत्तर त्याच संगणकात असेल, तर बाह्य डिस्क घेण्याचा दिवस पुढे ढकलू नये.