घरचं बियाणं, घरचा बॅकअप
लेखमाला : घरातला संगणक – लेखांक ९

जून जवळ आला की घरचं सोयाबीन पेरणारा शेतकरी आधी पोत्यातले १०० दाणे मोजून घेतो. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत ते मांडतो, वर दुसरं ओलं गोणपाट घालून गुंडाळी करतो आणि सावलीत ठेवतो. सहा-सात दिवसांनी गुंडाळी उलगडून कोंब मोजायचे. ७० किंवा जास्त उगवले तर बियाणं पेरण्याजोगं. सोयाबीनच्या दाण्याचं टरफल नाजूक असतं. पोतं आपटलं की आतला अंकुर दुखावतो आणि बाहेरून काही दिसत नाही. म्हणून दाणा टपोरा आहे, पोतं भरलेलं आहे, एवढ्यावर विसंबून चालत नाही.

गेल्या आठवड्यात आपण एक्स्टर्नल हार्ड डिस्क जोडून बॅकअप घेतला. ‘बॅकअप पूर्ण झाला’ असा संदेशही आला. ते आपलं भरलेलं पोतं. आज त्यातले दाणे उगवतात का, ते पाहू.

ही तपासणी राहून गेली की जाणत्यांचीही फसगत होते. जगभरचे प्रोग्रामर आपलं काम जिथे ठेवतात त्या गिटलॅब या सेवेत ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री एका अभियंत्याकडून चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला गेला. चूक लक्षात येऊन हात थांबेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबीच उरला होता. बॅकअप शोधायला गेले तर ठरलेल्या जागी काहीच नव्हतं. बॅकअप घेणारं साधन डेटाबेसच्या जुन्या आवृत्तीचं होतं, त्यामुळे बॅकअप फसत होता. तसं कळवणारे ईमेल निघत होते, पण पलीकडे स्वीकारले जात नव्हते. शेवटी कोणीतरी सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी काढलेली प्रत हाती लागली, म्हणून बरंचसं वाचलं. मधल्या सहा तासांतला डेटा गेला तो गेलाच. बॅकअप परत आणून पाहण्याची जबाबदारी तिथे कोणावरच नव्हती, हे कंपनीने स्वतःच जाहीरपणे लिहिलं. आपल्या घरी तरी ती कोणावर असते?

आधी पोतं बघा

डिस्क ‘सेफली रिमूव्ह’ करून काढा आणि पुन्हा जोडा. संगणक काही मजकूर आधी स्वतःच्या मेमरीत ठेवतो आणि मग डिस्कवर उतरवतो. लगेच तपासलं तर कधी कधी तो मेमरीतलंच वाचून दाखवतो आणि डिस्कची परीक्षा होतच नाही.

मग शेवटच्या बॅकअपची तारीख पाहा. त्यानंतर बॅकअपमध्ये नेमकं काय काय आलंय ते पाहा. विंडोजची ‘फाईल हिस्ट्री’ मुळात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स असे ठरलेले फोल्डरच घेते. तुम्ही डी ड्राइव्हवर ‘घरचे फोटो’ असा फोल्डर केला असेल, तर तो मुद्दाम जोडावा लागतो. फाईल नुसत्या कॉपी केल्या असतील, तर दोन्हीकडच्या फोल्डरवर राइट-क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये फाईलींची संख्या ताडून पाहा. डिस्क ‘फॅट ३२’ पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल, तर ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाईल तिच्यावर बसत नाही. लग्नाचा लांब व्हिडिओ नेमका तिथेच मागे राहतो.

मग दाणे उगवा

दहा फाईल निवडा. एक सगळ्यात जुनी, एक कालची, एक सगळ्यात मोठी, एक फोल्डरच्या आतल्या फोल्डरच्याही आतली. बाकी डोळे मिटून. त्या मूळ जागी परत आणू नका, नाहीतर चांगल्या फाईलवर खराब प्रत बसेल. ‘चाचणी’ नावाचा नवा फोल्डर करून त्यात आणा आणि एकेक उघडा. व्हिडिओ मध्यापर्यंत आणि शेवटापर्यंत सरकवून पाहा, पीडीएफचं शेवटचं पान पाहा.

शक्य असेल तर हे दुसऱ्या संगणकावर करा. माझ्या वडिलांनी टाइप करून घेतलेल्या आठवणींची फाईल मी अशीच भावाच्या लॅपटॉपवर उघडली. फाईल शाबूत होती, पण पानभर अगम्य चिन्हं दिसली. मजकूर युनिकोडपूर्व काळातल्या मराठी फाँटमधला होता आणि तो फाँट फक्त माझ्याच संगणकावर होता. त्या दिवशी तो फाँटही बॅकअपमध्ये ठेवला आणि मजकुराची युनिकोड प्रत करून घेतली. जुन्या डीटीपीच्या फाईल ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी हे आजच पाहावं.

ताळा करून पाहा

ज्यांना आणखी खात्री हवी, त्यांच्यासाठी एसएचए-२५६ हा हिशेब आहे. विंडोजमध्ये ‘सर्टयुटिल’ आणि मॅकवर ‘शासम’ ही आज्ञा फाईलचा ६४ अक्षरांचा ठसा काढून देते. फाईलमधला एक बिट बदलला तरी सगळा ठसा बदलतो. मूळ फाईलचा आणि प्रतीचा ठसा जुळला, तर दोन्ही तंतोतंत सारख्या. पण मूळ फाईलच आधी बिघडलेली असेल, तर तिची बिघडलेली प्रतही ताळ्यात जुळते. म्हणून फाईल उघडून डोळ्यांनी पाहणं सुटत नाही.

शेतात १०० तले ३० दाणे उगवले नाहीत तरी निभावतं. इथे दहापैकी एक फाईल उघडली नाही, तरी बॅकअप नव्याने घ्या आणि दहा वेगळ्या फाईल निवडून चाचणी पुन्हा करा. दहाच्या दहा उघडल्या की डिस्कवर कागदाची पट्टी चिकटवा आणि तिच्यावर दोन तारखा लिहा : बॅकअप कधी घेतला आणि परत आणून कधी पाहिला. दुसरी तारीख तीन महिन्यांपेक्षा जुनी झाली की पुन्हा गोणपाट भिजवायचं.

(पुढील लेखांकात : दुसरी प्रत घराबाहेर कुठे ठेवावी?)