कल्पना सुचते तेव्हा नजर कुठे असते?

हिंजवडीच्या ऑफिसात आठवड्यातले किती दिवस जायचे, हा वाद आयटीवाल्यांच्या घरांतून अजून मिटलेला नाही. समोरासमोर बसल्याशिवाय नवे काही सुचत नाही, असे वरिष्ठ म्हणतात. ट्रॅफिकमध्ये जीव शिणल्यावर काय डोंबल सुचणार, असे कर्मचारी विचारतात. संशोधनातून निघालेले उत्तर दोघांनाही पुरते सोयीचे नाही.

मेलनी ब्रक्स आणि जोनाथन लेवाव यांचा प्रयोग २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. ६०२ जणांच्या जोड्या लावल्या. काही जोड्या एकाच खोलीत बसल्या, तर काहींतले दोघे वेगवेगळ्या खोल्यांतून व्हिडिओ कॉलवर बोलले. फ्रिसबी किंवा बबल रॅप यांसारख्या साध्या वस्तूचे नवे उपयोग पाच मिनिटांत शोधायचे होते. व्हिडिओवरच्या जोड्यांना कमी कल्पना सुचल्या. मला यात सर्वांत मोलाचे वाटते ते त्यामागचे कारण. खोलीत मुद्दाम काही वस्तू मांडल्या होत्या. व्हिडिओवर बोलणाऱ्यांची नजर जोडीदाराच्या चेहऱ्यावरच खिळून राहिली, आणि नंतर विचारले तेव्हा त्यांना त्यातल्या कमी वस्तू आठवल्या. नजर बांधली गेली की विचारही बांधला जातो, असे संशोधक सांगतात. पाच देशांतल्या सुमारे दीड हजार इंजिनिअरांवरही हाच परिणाम दिसला. मात्र सुचलेल्यातली चांगली कल्पना निवडताना व्हिडिओवाले कुठेच कमी पडले नाहीत.

दुसरा अभ्यास आपल्याकडचा आहे. एका बड्या भारतीय आयटी कंपनीतल्या ४८ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांनी नोंदवलेल्या कल्पना गिब्ज, मेंगेल आणि झीमरोथ यांनी तपासल्या. निष्कर्ष २०२४ मध्ये आले. सगळे घरून काम करत होते तेव्हा कल्पनांची संख्या टिकली, दर्जा घसरला. हायब्रिड सुरू झाल्यावर संख्याच घटली, आणि ज्या टीममधल्या लोकांचे ऑफिसला येण्याचे दिवस जुळत नव्हते, तिथे फटका विशेष बसला. अर्थात तो काळ कोविडचा आणि त्यानंतरच्या घडी बसवण्याचा होता, त्यामुळे सगळे खापर हायब्रिडवर फोडता येणार नाही.

तरीही ‘आठवड्यातून तीन दिवस या’ एवढाच आदेश काढणे मला अन्यायाचे वाटते. तासभर प्रवास करून आलेली मुलगी हेडफोन लावून, घरी बसलेल्या सहकाऱ्याशीच कॉलवर बोलत असेल, तर तिच्या येण्याने कुणाचे भले झाले? दिवस कोणते, हे टीमने मिळून ठरवावे. नव्या कामाची जुळवाजुळव त्या दिवशी एका खोलीत व्हावी, आणि त्यातले काय निवडायचे ते खुशाल व्हिडिओ कॉलवर ठरवावे.