एका अंकाच्या बदलाआधी

विंडोजच्या रजिस्ट्री एडिटरमध्ये ‘सेव्ह’ नाही आणि ‘अनडू’ही नाही. आकडा बदलून ‘ओके’ दाबलं की बदल झाला. ड्रायव्हर, प्रोग्राम, वापरकर्ते अशा सगळ्यांच्या सेटिंग्ज याच रजिस्ट्रीत असतात. इथं हात घालणाऱ्याचं निम्मं काम बदलाच्या आधीच असतं.

तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेत हे काम मी शेजारी बसून पाहिलं. काउंटरवरच्या कॉम्प्युटरमध्ये कुणाचाही पेन ड्राइव्ह चालू नये, एवढीच मागणी होती. त्यासाठी ‘सर्व्हिसेस’खालच्या ‘यूएसबीस्टोर’मध्ये ‘स्टार्ट’चा आकडा 3 असतो, तो 4, म्हणजे बंद, करायचा. पण त्याच यादीत हार्ड डिस्कचा ड्रायव्हरही असतो. चुकून त्याच्यापुढे 4 पडला, तर विंडोज सुरूच होत नाही.

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या तरुणाने आधी जुना आकडा वहीत लिहिला. मग रिस्टोर पॉइंट करायला गेला, तर सिस्टिम प्रोटेक्शन बंद. ते चालू करून पॉइंट केला.

व्यवस्थापक म्हणाले, “अरे, विंडोज आपणहून घेतं ना बॅकअप?”

“पूर्वी घ्यायचं, साहेब.”

त्याने रजिस्ट्रीच्या प्रतींचा ‘रेगबॅक’ फोल्डर उघडून दाखवला. फाइलींची नावं होती, आकार शून्य. विंडोज 10च्या 1803 आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने ही आपोआप होणारी प्रत बंद केली आहे.

मग त्याने ‘यूएसबीस्टोर’ची तेवढी ‘की’, म्हणजे रजिस्ट्रीतला तो कप्पा, फाइलमध्ये एक्स्पोर्ट केली आणि ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून वाचली. अशी फाइल पुन्हा चालवली की जुने आकडे परत येतात. मात्र मधल्या काळात नव्याने घातलेली नोंद ती पुसत नाही. म्हणून नवं काही घातलं तर त्याचं नावही वहीत हवं.

प्रत कुठं ठेवायची, यावर तो सगळ्यात जास्त थांबला. नुसती पेन ड्राइव्हवर ठेवली, तर बदलानंतर या मशीनवर तो पेन ड्राइव्हच उघडणार नाही. नुसती डिस्कवर ठेवली, तर डिस्कबरोबर जाईल. रिस्टोर पॉइंटही तिथंच असतो. त्याने दोन्हीकडे ठेवली.

आकडा बदलायला काही सेकंद लागले. मशीन पुन्हा सुरू करून त्याने पेन ड्राइव्ह लावून पाहिला, चालला नाही. एवढ्यावर तो उठला नाही. डिस्कवरची फाइल चालवून जुनी स्थिती परत आणली, पेन ड्राइव्ह चालतोय हे पाहिलं आणि मगच बदल पुन्हा केला. निघताना बजावलं, “साहेब, हा फक्त सेटिंगचा बॅकअप. खातेदारांच्या नोंदींचा वेगळा घ्यायचा.”

बॅकअप घेतलाय, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यातून एकदा तरी परत येऊन पाहिलंय का, हे त्यांना विचारा. पाहिलं नसेल, तर बदलाला हात लावू देऊ नका.