शिवाजी पार्कचं नाव अवंतिकाबाईंमुळे

दसरा जवळ आला की कळवणच्या बसस्थानकावर हे वाक्य हमखास कानी पडतं: "शिवाजी पार्क हे नाव शिवसेनेनं दिलं." शिकलीसवरली माणसंही ते ठासून सांगतात.

शिवसेनेची स्थापना १९ जून १९६६ ची. तिचा पहिला दसरा मेळावा त्याच वर्षी या मैदानावर झाला आणि महाराजांचा अश्वारूढ पुतळाही तिथे १९६६ मध्येच उभा राहिला. गैरसमजाचं मूळ तिथे असावं. पण संयुक्त महाराष्ट्राच्या सभा त्याआधी दहा वर्षं गाजल्या, त्या शिवाजी पार्कवरच ना? मग नाव १९६६ चं कसं असेल?

मुंबई महापालिकेनं हे मैदान १९२५ मध्ये खुलं केलं, तेव्हा ते माहीम पार्क होतं. १९२७ मध्ये शिवजन्माच्या त्रिशताब्दीनिमित्त नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहानं ते शिवाजी पार्क झालं. यावर कुणी म्हणेल, जन्म १६३० चा, मग १९२७ ला तीनशे वर्षं कशी? तेव्हा जन्मसाल १६२७ धरत असत, म्हणून. या बाई गांधीजींसोबत चंपारणला गेलेल्या. १९१८ मध्ये त्यांनी गांधीजींचं मराठी चरित्र लिहिलं, त्याला प्रस्तावना लोकमान्य टिळकांची. अशा बाईचं नाव आपण विसरावं आणि श्रेय भलत्यालाच द्यावं, याचा मला खरोखर राग येतो.

वस्तीचं नाव मैदानाला मिळालं, हा समजही उलटा आहे. आधी मैदान, मग भोवतीच्या इमारती. मैदानाचंच नाव वस्तीनं घेतलं. २०२० मध्ये महापालिकेनं मैदानाचं नाव 'छत्रपती शिवाजी महाराज पार्क' केलं. पण संध्याकाळी मैदानाभोवतीच्या बुटक्या कट्ट्यावर पाय सोडून बसलेल्या माणसाला विचारा, कुठे राहता? तो "शिवाजी पार्कला" असंच सांगेल.

असे गैरसमज आणखीही आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची चैत्यभूमी या मैदानात नाही. ती जवळच दादर चौपाटीवर आहे. ६ डिसेंबरला मैदानात बाबासाहेबांच्या अनुयायांचा मुक्काम असतो. दिल्ली मेट्रोचं 'शिवाजी पार्क' स्टेशन पश्चिम दिल्लीतलं. त्या नावाचं स्टेशन मुंबईच्या लोकलमार्गावर नाही, दादरला उतरून पश्चिमेला बाहेर पडायचं. इतर नावांचंही तसंच. भायखळ्याच्या 'राणीच्या बागे'तली राणी म्हणजे व्हिक्टोरिया; वीरमाता जिजाबाईंचं नाव बागेला पुढे मिळालं. पुण्याच्या तुळशीबागेत आज बाग शोधू नका, तिथे बाजार आहे. पुण्याचंच शिवाजीनगर पूर्वी भांबुर्डे गाव होतं.

नावांचा घोळ आपल्या दारातही आहे. सप्तशृंगीला सगळे 'वणीची देवी' म्हणतात. वणी गाव दिंडोरी तालुक्यात, गड मात्र आपल्या कळवण तालुक्यात. बाहेरच्यांनी हे चुकवलं की आपण लगेच दुरुस्त करतो. तेवढ्याच तत्परतेनं, दसऱ्याच्या आधी कुणी बसस्थानकावर ते वाक्य बोललं, तर त्याला अवंतिकाबाई गोखले हे नाव आणि १९२७ हे साल सांगा.